पिस्तुलांची सोयरीक

आमच्या दाजींना खूळ आहे हे आधी कळलं असतं, तर मी वेणूआक्काला त्यांच्या घरी दिलंच नसतं, असं मी दर सणाला म्हणतो आणि दर सणाला आक्का माझ्या ताटात एक लाडू कमी वाढते. खरं तर तिच्या लग्नात मी चड्डीत होतो आणि मला कुणी काही विचारलंही नव्हतं. पण बोलायला काय जातं!

दाजी म्हणजे हौसेराव. गाव साताऱ्याकडचं, काम माथाडीचं. कांदा-बटाटा मार्केट मुंबईतून वाशीला आलं तसे तेही टोळीसकट इकडे आले, पुढे टोळीचे मुकादम झाले आणि कोपरखैरण्यात माथाडींच्या बैठ्या घरांत त्यांना घर मिळालं. माणूस आडव्या हाडाचा. गोण्या वाहून वाहून मान बैलासारखी झालेली, आणि बोटं अशी जाड की सदऱ्याची बटणं आक्काच लावून द्यायची. अशा माणसाने कुस्तीचा नाद करावा, फार तर बैलगाडीच्या शर्यतीचा. आमच्या दाजींचा नाद काय, तर नक्षीची खिशातली घड्याळं!

सुट्टी मिळाली की दाजी चोरबाजारात. भंगाराच्या ढिगात हात घालून तासन्‌तास उकिडवे बसायचे आणि एखादं घड्याळ सापडलं की असे पळत घरी यायचे की शेजाऱ्यांना वाटावं, मागे कुणी लागलंय. सात घड्याळं जमली होती. चेनवाली, झाकणवाली, झाकणावर मोर, वेली, कुठे कुणा साहेबाच्या नावाची अक्षरं. सातही सोन्याची आहेत असं दाजी म्हणायचे. आक्काचं म्हणणं दोन सोन्याची, बाकीच्यांना नुसतं पाणी दिलेलं. पण सोनाराकडे नेऊन बघायला घरात सक्त मनाई होती, त्यामुळे सातही सोन्याचीच राहिली.

ही सात घड्याळं सात वेगवेगळ्या वेळा दाखवायची. माझी भाची उज्वला कॉलेजला निघताना विचारायची, ‘‘आण्णा, किती वाजले?’’ दाजी कपाट उघडून सगळ्यांचं मत घ्यायचे आणि मधलं धरून वेळ सांगायचे. पोरगी तरी कॉलेजात वेळेवर पोचायची, कारण ती शेजारच्यांच्या टीव्हीवर बघून निघायची.

घड्याळांना चावी द्यायचं काम मात्र उज्वलाचंच. चावीचं बोंड ज्वारीच्या दाण्याएवढं, ते दाजींच्या बोटांत सापडायचंच नाही. एकदा जोर लावून त्यांनी एका घड्याळाची स्प्रिंग तोडली आणि दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून, म्हणजे पोरगी प्राथमिक शाळेत असल्यापासून, रोज सकाळी ती कपाटापुढे बसणार आणि दाजी तिच्या शेजारी मांडी घालून, ‘‘हळू… हां, बास. आता मोरवालं,’’ असं म्हणत बसणार. ती चिडायची, जांभया द्यायची, पण तिने कधी खाडा केला नाही.

आणि मग ते पिस्तूल. तळहातात मावेल एवढंसं. काळ्या लाकडाची मूठ, मुठीत चांदीच्या तारेची वेल, आणि घोड्याखालच्या पत्र्यावर कोरलेला धावता कुत्रा. कान मागे पडलेले, शेपूट ताठ, जीभ बाहेर. कुणामागे धावतोय ते मात्र कोरलेलं नव्हतं, पत्राच संपला होता. दाजींना त्या कुत्र्याने पार पछाडलं होतं.

‘‘गंगाराम, कुत्रं उगंच पळंल का? ह्याची जोड हाय कुटंतरी. साहेब लोक दोन खिशांत दोन पिस्तुलं ठेवायचे. जोडीनंच करत हुते ही.’’

‘‘दाजी, जोड विलायतेला गेली असंल.’’

‘‘जाईना. येईल माघारी.’’

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. पाटावर विळी, कोयता, दाजींचा गोण्या ओढायचा हूक, आणि मधोमध हे पिस्तूल, हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून. एका वर्षी कुणीतरी चुगली केली आणि हवालदार आले. त्यांनी चाप ओढून पाहिला, चाप हलेना. घोडा ओढला, तो गंजून बसलेला. शेवटी नळीत फुंकर मारली, तर आतली हळद त्यांच्याच मिशीवर उडाली. ‘‘हे निकामी आहे,’’ असं जाहीर करून, पेढा खाऊन, पिवळ्या मिशीनेच ते परत गेले. आम्ही कुणी त्यांना सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. शहाण्णव साली उज्वला एकदा माझ्याकडे तुर्भ्याला कंपनीच्या गेटवर आली. बी.कॉम. झालेली, वाशीत एका ऑफिसात लागलेली पोर, पण चेहरा असा की परीक्षेत नापास झालीय.

‘‘मामा, टेन्शन आहे.’’

टेन्शनचं नाव रणजीत. पावणे एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. दोघांची ओळख वाशीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये झाली. क्लासवाल्याकडे कॉम्प्युटर कमी, म्हणून एका कॉम्प्युटरवर दोघं बसवायचा. त्या क्लासवाल्याला मी आजही मनातून नमस्कार करतो.

‘‘आपल्यातलेच आहेत मामा, वाईकडचे. तुमी स्थळ म्हणून आणा ना. आधीपासून ओळख आहे कळलं तर आण्णा नाहीच म्हणतील. आणि मी दुसऱ्या कुणाशी लग्न करणार नाही, सांगून ठेवते.’’

मी मामा. मामाने भाचीला नाही म्हणायचं नसतं. मी आठ दिवसांत स्थळ ‘शोधून’ आणलं. मुलाचे वडील विश्वजितराव, लसणाचे व्यापारी, वाशीला स्वतःचा फ्लॅट. आई राजलक्ष्मीबाई, बोलायला गोड पण नाकाचा शेंडा जरा वर. मार्केट एवढं अवाढव्य की दाजींनी त्यांचं नाव ऐकलं होतं, तोंड पाहिलं नव्हतं. पत्रिका जुळली. रविवारी मंडळी मुलगी बघायला कोपरखैरण्याला येणार असं ठरलं.

आक्काने दाजींना देवापुढे उभं करून शपथ घातली. ‘‘पोरगी दाखवायची हाय, पिस्तूल न्हाई. कपाटाला हात लावलासा तर मी म्हायेरी जाईन.’’ दाजींनी मान डोलावली. नवा फेटा बांधून ते एखाद्या गरीब मुलासारखे खुर्चीत बसून राहिले. मी म्हटलं, सुटलो!

मंडळी आली, सरबत झालं, पाऊस-पाण्याच्या आणि बाजारभावाच्या गप्पा झाल्या. मग विश्वजितराव म्हणाले, ‘‘मुलीला बोलवा, वेळ चांगली आहे.’’ आणि ती वेळ बघायला त्यांनी सफारीच्या खिशातून चेन ओढली. चेनच्या टोकाला सोन्याचं, झाकणावर कमळाची नक्षी असलेलं घड्याळ आलं. टिचकी वाजून झाकण उघडलं.

दाजी खुर्चीतून अर्धे उठले. त्यांची नजर आधी घड्याळाकडे, मग आक्काकडे, मग देवाकडे गेली. आणि देवाची माफी मागून ते कपाटाकडे धावले.

पुढचं काय सांगू! उज्वला पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा मुलाचा बाप आणि मुलीचा बाप जमिनीवर पालथे पडून, एकाच भिंगातून एका मोराच्या पिसाऱ्याकडे बघत होते. ‘‘हे बगा डोळं!’’ ‘‘अहो, पिसात पीस कोरलंय!’’ मुलीकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. रणजीत मान खाली घालून बसला होता, त्याला तर बघायची गरजच नव्हती. राजलक्ष्मीबाईंनीच बिचारीला तिचं नाव विचारलं.

मग दाजींनी पिस्तूल काढलं. विश्वजितरावांनी ते हातात घेतलं, कुत्रा पाहिला आणि एकदम गप्प झाले. गप्प म्हणजे इतके, की मला वाटलं त्यांच्या छातीत कळ आली.

‘‘हौसेराव,’’ ते म्हणाले, ‘‘आमच्या शोकेसमधे अस्संच एक आहे. त्याच्यावर ससा आहे. मागं वळून बघत पळतोय.’’

दाजी गुडघ्यांवरच सरकत पुढे आले. त्यांनी विश्वजितरावांना मिठी मारली. विश्वजितरावांनी त्यांना मारली. दोन अवाढव्य माणसं फरशीवर गुडघ्यांवर बसून एकमेकांच्या पाठी थोपटत होती आणि आक्का मला म्हणाली, ‘‘गंगाराम, जमलं बग!’’ मलाही तसंच वाटलं.

पण मिठी सुटली तसा विश्वजितरावांमधला व्यापारी जागा झाला.

‘‘आमाला हुंडा नको, मानपान नको. नारळ आणि मुलगी द्या. फक्त हा कुत्रा आमच्या सशाकडं येऊ दे.’’

‘‘ससा इकडं येऊ दे की.’’

‘‘मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना द्यायचं? अशी रीत आहे का कुठं?’’

‘‘रीतीचं मला सांगू नका. मुलगी न्या तुमी, खुशाल न्या. कुत्रं मागू नका!’’

ट्रे हातात धरून उज्वला तिथेच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पाहिलं, दाजींनी पाहिलं नाही. आवाज चढले. राजलक्ष्मीबाई ‘‘अहो, उठा’’ म्हणाल्या आणि मंडळी निघून गेली. पोहे तसेच राहिले. घरात मागाहून ते कुणालाच गेले नाहीत, मला एकट्याला सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्वला कपाटापुढे बसली नाही. दाजींनी हाक मारली, तर चादरीतून उत्तर आलं, ‘‘चावी देणार नाही.’’ दाजींना वाटलं, ताप असेल. हळूहळू एकेक घड्याळ थांबलं. मोरवालं सगळ्यात शेवटी गेलं. कपाट असं मुकं झालं की आक्कालासुद्धा करमेना, आणि ती तर त्या कपाटाला सवत म्हणायची.

आता दाजी पडले जुने माथाडी. त्यांना बाकी काही नाही कळलं तरी संप कळतो. त्यांनी मला साक्षीला बोलावून घेतलं, उज्वलाच्या समोर पाट मांडून बसले आणि मुकादमाच्या आवाजात म्हणाले, ‘‘मागण्या मांडा.’’

‘‘एकच आहे. रणजीत.’’

‘‘कोण रणजीत?’’

‘‘परवा पोहे खायला आलेला.’’

‘‘ते लाजरं पोरगं? त्यानं तर मानसुद्धा वर केली न्हाई. तुझं तोंड तरी बगितलं का त्यानं?’’

‘‘कशाला बघेल आण्णा? रोज बघतो.’’

मी पंख्याकडे बघायला लागलो. पंखा फारच छान होता.

‘‘गंगाराम!’’ दाजी असे ओरडले की बाहेरच्या गल्लीतली क्रिकेटची मॅच थांबली. मला वाटलं, आता ह्या वयात मार खावा लागणार. पण दाजी माझ्याकडे आलेच नाहीत. उठले, कपाट उघडलं, एक बंद पडलेलं घड्याळ कानाला लावून किती तरी वेळ उभे राहिले, मग परत ठेवलं. वळून उज्वलाकडे नीट बघितलं. जणू मुलगी बघायचा कार्यक्रम आत्ता चालू होता.

‘‘चल गंगाराम,’’ ते म्हणाले. ‘‘वाशीला जायचं. पिशवी घे.’’

वाशीला फ्लॅटचं दार राजलक्ष्मीबाईंनी उघडलं, ते जेमतेमच. पण पिशवीतून पिस्तुलाची मूठ दिसल्याबरोबर विश्वजितरावांनी आतून धावत येऊन दार सताड केलं आणि शोकेसमधून ससा आणला. दोन्ही पिस्तुलं टीपॉयवर एकापुढे एक ठेवली. अहो, काय सांगू! कुत्र्याच्या पत्र्यावर तुटलेली वेल सशाच्या पत्र्यावर पुढे चालू झाली. ससा मागे वळून बघतोय तो ह्याच कुत्र्याकडे. दोघांनी लहान पोरांसारख्या टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, खोटं कशाला बोलू.

‘‘बोला,’’ विश्वजितराव म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला.

मार्केटमध्ये व्यापाऱ्यांची ही जुनी पद्धत. चारचौघांत भाव फुटू नये म्हणून दोघं रुमालाखाली हात घालतात आणि बोटं धरून, दाबून भाव ठरवतात. त्याला हत्ता म्हणतात. तोंडाने अवाक्षर काढायचं नाही, आणि रुमालाखाली काय झालं ते मागून कुणाला सांगायचंही नाही. दाजींनी उभा जन्म ह्या सौद्यांचा माल डोक्यावर वाहिला, पण स्वतःचा हात रुमालाखाली कधी गेला नव्हता. तो माथाडीचा मानच नव्हे. पंचा बघून ते नव्या नवरीसारखे लाजले, धोतराला हात पुसले आणि मग हळूच हात आत सारला.

‘‘घड्याळांत बोलायचं,’’ विश्वजितराव म्हणाले. ‘‘एक बोट, एक घड्याळ.’’

पंचा हलू लागला. विश्वजितरावांच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. दाजींच्या मानेच्या शिरा फुगल्या. एकदा विश्वजितराव चक्क ‘‘आई गं’’ म्हणाले. शेवटी पंचा बाजूला झाला, दोघांनी हातावर हात मारला आणि दाजी गरजले, ‘‘पक्कं!’’

राजलक्ष्मीबाई आतून साखरेची वाटी घेऊनच आल्या. त्यांना वाटलं, लग्न ठरलं. त्यांनी दोघांच्या तोंडात साखर घातली, माझ्या तोंडात घातली, रणजीतला हाक मारून त्याच्या तोंडात घातली, आणि डोळे पुसत शेजारणीला सांगायला गेल्यासुद्धा. तेव्हा कुठे दोघा बापांच्या लक्षात आलं, की लग्नाचा विषय निघालेलाच नव्हता. पण तोंडात साखर असताना नाही म्हणता येत नाही. दोघं एकमेकांकडे बघत साखर चघळत राहिले.

‘‘मे महिना बरा,’’ विश्वजितराव म्हणाले.

‘‘बरा,’’ दाजी म्हणाले.

घरी आल्यावर पिशवीतून कुत्रा आणि ससा दोन्ही निघाले. उज्वला मला मिठी मारून नाचली, आक्काने देवापुढे दिवा लावला. मग दाजी म्हणाले, ‘‘घड्याळं त्यांची झाली.’’

‘‘किती?’’ उज्वलाने विचारलं.

‘‘सातीच्या साती.’’

तिचं नाचणं थांबलं. ‘‘एका सशासाठी?’’

‘‘जोड लागली की गं,’’ दाजी म्हणाले आणि पिस्तुलं पुसत बसले.

आक्का खूप बोलली. मीही बोललो, मला तर संतापच आला होता. एवढा मोठा मुकादम, आणि व्यापाऱ्याने बघता बघता सोलला! उज्वला उठून कपाटाकडे गेली. तिने सातही घड्याळं कापसात गुंडाळून डब्यात भरली. लग्न झालं, दणक्यात झालं. अक्षता पडल्या, मी मामा म्हणून तिच्या मागे उभा राहिलो, दोघे व्याही जेवणाच्या पंगतीत पिस्तुलं काढून एकमेकांना दाखवत होते. निघताना पोर आक्काच्या गळ्यात पडून रडली. दाजींच्या पाया पडली आणि त्यांच्याकडे न बघता गाडीत बसली. फेटा बांधलेले दाजी गाडी गेली तरी तिथेच उभे होते. त्या दिवशी मला त्यांची कीव आली नाही.

पहिल्या दिवाळीला जावयाला बोलावलं तेव्हा व्याहीही सोबत आले. फराळ चालला होता. दाजींनी व्याह्यांना पिस्तुलं दाखवली, व्याह्यांनी दाजींना कमळवालं घड्याळ दाखवलं, जणू आधी कधी बघितलंच नव्हतं. उज्वला चकल्यांचं ताट घेऊन फिरत होती. दाजींपुढे आली की ताट ठेवायची आणि पुढे जायची. आणि विश्वजितराव एकदम म्हणाले,

‘‘हौसेराव, रुमालाखालचं बोलू नये. पण सहा महिने पोटात दुखतंय माझ्या. विचारू का?’’

‘‘नका विचारू,’’ दाजी घाईघाईने म्हणाले.

‘‘मी दोन बोटं धरली होती. सशाला दोन घड्याळं. आणि एकावर आलो असतो, खरं सांगतो. तर तुमी माझा अख्खा पंजा धरला आणि वर आणखी दोन बोटं. मला वाटलं, नवखा माणूस आहे, चुकला. मी पुन्हा दोन धरली. तुमी पुन्हा सात, आणि असं आवळलंत की माझा अंगठा अजून दुखतोय. घेणाराच भाव चढवतोय, असा सौदा मी जन्मात केला नाही. का केलंत हो असं?’’

दाजींचा चेहरा लालभडक झाला.

‘‘चकली तेलकट झालीया,’’ ते म्हणाले.

‘‘आण्णा,’’ उज्वला म्हणाली.

दाजींनी चकली ताटात ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. ‘‘माज्या बोटांत बोंड घावतं का? तू गेल्यावर हितं बंदच पडायची ती. आन् नव्या घरात सकाळी सकाळी पोरीला कळत न्हाई काय करावं, कुटं बसावं. तुझ्या आईला म्हयनाभर कळत नव्हतं, मी बगितलंय. म्हणलं, वळखीचं काम असावं हाताला.’’

आक्काने पदर तोंडाला लावला. विश्वजितराव आपल्या अंगठ्याकडे बघत बसले. मला तर कुठे बघावं कळेना. ज्या माणसाला मी सहा महिने मूर्ख म्हणत होतो, त्याच्या घरचे बेसनाचे लाडू माझ्या दोन्ही हातांत होते.

‘‘मग सांगितलं का नाही तुमी?’’ उज्वलाचा आवाज चिरकला. ‘‘मी रोज चावी देताना तुमच्यावर चिडत होते आण्णा. रोज.’’

‘‘सौदा रुमालाखालचा हुता,’’ दाजी म्हणाले.

उज्वलाने ताट खाली ठेवलं. ती येऊन दाजींच्या शेजारी मांडी घालून बसली, दाजींचा तो जाडजूड हात स्वतःकडे ओढला आणि त्याच्यावर भरजरी साडीचा पदर टाकला. पदराखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. पदर हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. दाजी आधी हसले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं, ते पुसायला त्यांनी हात काही बाहेर काढला नाही.

‘‘काय ठरलं दोघांचं?’’ आक्काने न राहवून विचारलं.

‘‘तुला काय करायच्यात पंचायती?’’ दाजी म्हणाले. ‘‘चहा टाक.’’